डोळ्यानं बघितलेला शेवट

सोमशेखरला त्या दिवशी खोटं बोलायची काडीचीही गरज नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कुणी त्याला धमकावलं नव्हतं की पेचात पकडलं नव्हतं. समोर एखादा आ वासून ऐकत बसला की काही जणांची जीभ सैल सुटते, त्यातला तो होता.

साल २०००. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत त्याच्या वडिलांचं, शंकरप्पांचं, भुसार मालाचं दुकान होतं. बिलं करायला म्हणून आणलेल्या कॉम्प्युटरवर पोराने कब्जा केला होता. पॉलिटेक्निकमधला त्याचा दोस्त कृष्णात चौगुले रोज कॉलेज सुटलं की यायचा आणि दोघं मिळून 'ग्रेफोर्ट' खेळायचे. खेळ परदेशी. वेढा पडलेला एक किल्ला, त्याची बाई कप्तान, आणि मुख्य दरवाज्यावरचा एक म्हातारा पहारेकरी, ज्याच्यावर सगळ्यांना फितुरीचा संशय. पण गावात मिळायची ती चोरटी सीडी. तीन सीडींचा खेळ एकीत कोंबायचा म्हणून कॉपी करणाऱ्यांनी त्यातले सिनेमासारखे तुकडे कापून टाकलेले. त्यामुळे दीड महिना झुंजून शेवटची लढाई मारली, की पडदा काळा व्हायचा आणि खेळ परत पहिल्या पानावर. म्हातारा फितूर होता की नव्हता, हे अख्ख्या कोल्हापुरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

दिवाळीत सोमशेखर बेळगावला चुलतभावाकडे, प्रभुलिंगकडे, जाऊन आला. त्याच्याकडे पूर्ण खेळाच्या खऱ्या सीडी होत्या, हे खरं. त्याचा कॉम्प्युटर बंद पडला होता, हेही खरं. पण परत आल्यावर सोमशेखरने फक्त पहिलं सांगितलं.

"मग शेवट बघितलास?" सायकल स्टँडवर कृष्णातने त्याला अडवलंच.

"बघितला की."

आणि मग सुटला गडी. म्हातारा फितूर नव्हताच म्हणे. शत्रूची माणसं भुयारातून आत शिरली तेव्हा बाहेरच्या फौजेला वाट मिळू नये म्हणून म्हाताऱ्याने मुख्य दरवाजाला कुलूप घातलं, किल्ली तोंडात धरली आणि तसाच मेला. कप्तान बाईला हे दुसऱ्या दिवशी कळतं. ती स्वतःच्या हाताने त्याच्यासाठी खड्डा खणते आणि किल्ली त्याच्याबरोबर पुरते. सोमशेखरला हे सगळं बोलता बोलता सुचत गेलं. कृष्णातचे डोळे भरून आले.

"तू डोळ्यानं बघितलंस?"

"व्हय."

विषय तिथेच मिटायचा. मिटला नाही, कारण फोरम होता.

कॅनडातल्या कुणा हॅरो नावाच्या मास्तराने ९८ साली ग्रेफोर्टच्या चाहत्यांसाठी इंटरनेटवर हा गप्पांचा कट्टा काढला होता. सुरुवातीला तिथे चाळीस माणसं होती, दुसरा भाग आला तेव्हा दोन हजार झाली. सोमशेखर 'सोमा' या नावाने पहिल्या शंभरात शिरला. दुकानात फोन, दुकानातच कॉम्प्युटर. सदा हजर असणारा माणूस म्हणून हॅरोने त्याला मॉडरेटर केलं. म्हणजे भांडणं सोडवायची, घाण काढायची, आणि कुणी फारच माजलं तर त्याच्यावर बंदी घालायची. एकोणीस वर्षांच्या पोराला अशी सत्ता मिळाल्यावर काय होतं ते सांगायला नको.

कृष्णात मागाहून आला, राजारामपुरीतल्या एका कॅफेतून, तासाच्या बोलीवर. त्याचं इंग्रजी डिक्शनरी मांडीवर घेऊन लिहिलेलं. पण गडी सिव्हिलचा. त्याने किल्ल्याचे तिन्ही मजले ड्रॉइंग शीटवर टी-स्क्वेअर लावून उतरवले, भिंतींच्या जाडीसकट, आणि झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून फोरमवर टाकले. नॉर्वेपासून ब्राझीलपर्यंत लोक ते नकाशे छापून घेऊन खेळायला लागले. 'कोल्हापूरचा कृष्णात' म्हणून त्याचं नाव झालं. सोमशेखरला हे टोचलं नाही असं म्हणणं म्हणजे आणखी एक थाप होईल.

२००२ च्या पावसाळ्यात फोरमवर पहिल्या भागाच्या शेवटावरून वाद निघाला. कृष्णातने त्यात दोन पानांची पोस्ट लिहिली. म्हातारा, किल्ली, खड्डा, सगळं. जीव ओतून लिहिलेलं. तासाभरात चाळीस उत्तरं आली. असा शेवटच नाही. खऱ्या खेळात म्हातारा फितूरच निघतो आणि बुरुजावरून पळून जातो, पोरंसोरंही हे जाणतात. हा माणूस खेळ न खेळता थापा मारतोय. कृष्णातने लिहिलं, 'माझ्या मित्राने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. तो इथेच आहे. तो सांगेल.' नाव मात्र त्याने घेतलं नाही. सोमशेखरने स्वतः पुढे यावं, एवढी जागा त्याने सोडली होती.

हॅरोने सोमशेखरला वेगळा निरोप धाडला: तुझ्याच गावचा ना हा? काय भानगड आहे?

सोमशेखर दुकानातल्या खुर्चीवर बसून होता. समोर शंकरप्पा एका गिऱ्हाइकाशी कानडीत हुज्जत घालत होते. 'मीच सांगितलं होतं त्याला, थाप होती' एवढंच लिहायचं होतं. कुणी फासावर देणार नव्हतं. फार तर मॉडरेटरपद गेलं असतं. पण ते पद म्हणजेच आपण, असं त्याला वाटत होतं.

त्याने लिहिलं, 'मी ओळखत नाही. इकडच्या लोकांना बढाया मारायची सवयच आहे.'

मग तो एक पाऊल पुढे गेला. मॉडरेटरला एक बटण असतं, सदस्यावर बंदी घालून त्याचं सगळं लिखाण पुसून टाकायचं. ते त्याने दाबलं, वर तो अख्खा वादही काढून टाकला. तो वाद, ती पोस्ट, 'तो इथेच आहे' हे वाक्य आणि तिन्ही मजल्यांचे नकाशे एका फटक्यात गेले. कृष्णातला कॅफेतल्या पडद्यावर एकच ओळ दिसली असणार: तुमच्यावर बंदी घालण्यात आली आहे, मॉडरेटर सोमा.

दुसऱ्या दिवशी कृष्णात वर्गात पलीकडच्या बाकावर बसला. सोमशेखरने प्रॅक्टिकलची वही मागितली, ती त्याने दिली. शेवटचं अख्खं वर्ष दोघं एका वर्गात होते आणि त्याने या गोष्टीचा एका शब्दाने उल्लेख केला नाही. शिव्या घातल्या असत्या तर सोमशेखर सुटला असता. डिप्लोमा झाला आणि कृष्णात राधानगरीच्या अलीकडच्या आपल्या वाडीला निघून गेला.

फोरमवर मात्र तो राहिला. कुणी थाप मारली की लोक लिहायचे, 'हे कोल्हापूर झालं.' 'कोल्हापूर करू नकोस, पुरावा दे.' पाहता पाहता त्या शब्दाचं चलन झालं. नवे लोक तो कुठून आला हे न कळताच वापरायचे. सोमशेखरने आपल्या नावापुढचं गाव काढून नुसतं 'भारत' लिहिलं. स्वतःच्या गावाचं नाव खोडायची पाळी स्वतःच्याच करणीने आलेला दुसरा कोल्हापूरकर माझ्या तरी ऐकिवात नाही.

२००८ साली फोरमला दहा वर्षं झाली. माणसं पांगली होती, उरली ती जुनी खोडं. हॅरोने फर्मावलं, आता आपला इतिहास लिहून ठेवायचा, आणि तो सोमाने लिहायचा. सोमशेखरने ते काम उत्साहाने अंगावर घेतलं. पहिले चाळीस, तिसऱ्या भागावरून पडलेली फूट, सर्व्हर जळाला ते साल, सगळं भराभर उतरलं. मग '२००२' असा मथळा घातला आणि हात थांबला. चार दिवस थांबला. पाचव्या दिवशी त्याने मोटरसायकल काढली आणि राधानगरीचा रस्ता धरला. एकदाचं कृष्णातच्या पाया पडायचं आणि खरं लिहायचं, असं ठरवून तो निघाला होता.

दारात एक तरुण बाई भात पाखडत होती. कृष्णातची बहीण अनुजा.

"कृष्णात हाय का घरात?"

तिने सूप खाली ठेवलं. "कोन पावणं?"

"मी सोमशेखर. पॉलिटेक्निकला बरोबर हुतो."

"सोमा." ती सावकाश म्हणाली. "दादाला जाऊन दोन वर्सं झाली. कावीळ झालती. आठ दिसांत गेला."

सोमशेखर उंबऱ्यावरच बसला. आत खाटेवर तिचे म्हातारे वडील आकाराम चौगुले भिंतीकडे तोंड करून पडले होते. अनुजाने पाणी आणून दिलं आणि आवाज न चढवता सगळं सांगितलं. त्या साली वर्गातल्या गुंडूने गावात येऊन सांगितलं होतं, की कृष्णातने कॉम्प्युटरवर लबाडी केली आणि त्याला हाकलून काढलं. आबांना कॉम्प्युटर कळत नव्हता, लबाडी कळत होती. वर्षभर ते पोराशी बोलले नाहीत.

"दादा एवढंच म्हणायचा, मी खोटं बोललो न्हाय. तुमचं नाव आबांपुढं कधी घेतलं न्हाय. माज्याजवळ एकदाच बोलला. दर ऐतवारी कोल्हापूरला जायचा, त्या कॅफेत. सोमा लिवंल म्हनायचा, आज न्हाय तर उद्या. तीन वर्सं गेला. मग जायाचा बंद झाला."

"मी आता लिवतो," सोमशेखर म्हणाला. "तेवढ्यासाठीच आलतो."

"लिवा की." तिच्या चेहऱ्यावर ना राग ना माया. "आन लिवलं की कागदावर छापून आना. आबास्नी वाचून दावायचं हाय. आता फार दीस न्हाईत त्यांचं."

निघताना त्याला फडताळ दिसलं. डब्यांखाली अंथरलेल्या कागदावर टी-स्क्वेअरने मारलेली बुरुजाची भिंत होती, जाडीसकट.

दुसऱ्या दिवशी दुकानात बसून त्याने लिहिलं, काही हातचं न राखता. बेळगाव, बिघडलेला कॉम्प्युटर, सायकल स्टँड, हॅरोला दिलेलं उत्तर, ते बटण. मनावरचा धोंडा उतरल्यासारखं त्याला वाटलं. ते तासभर टिकलं.

पहिलं उत्तर आलं: 'दहाव्या वाढदिवसाला झकास कोल्हापूर!' दुसऱ्याने हसरे चेहरे पाठवले. तिसऱ्याने लिहिलं, सोमासारखा सरळ माणूस थाप मारणं शक्यच नाही, म्हणजे हीच थाप. सोमशेखर चिडून लिहीत राहिला, मेलेल्या माणसाची शपथ घेऊन लिहीत राहिला, तसे ते जास्तच हसले. अखेर हॅरोचा निरोप आला, अगदी मायेचा. तू आपल्या गावच्या माणसाला वाचवू बघतोयस, मन मोठं आहे तुझं. पण इतिहासाला पुरावा लागतो. तो जुना वाद कुठे आहे? 'माझा मित्र इथेच आहे' असं तो म्हणाला होता म्हणतोस, ते कुठे आहे?

ते सोमशेखरने स्वतःच पुसलं होतं.

हॅरोने तो परिच्छेद काढला आणि आपल्या हाताने एक ओळ घातली: २००२, कोल्हापूरच्या कृष्णातची प्रसिद्ध थाप, जिच्यावरून आपला लाडका शब्द आला. मग पान कुलूपबंद केलं. सोमशेखरने राजीनामा दिला. तोही पुष्कळांना गमतीचाच भाग वाटला.

पंधरा दिवसांनी अनुजाचा गावातल्या फोनवरून निरोप आला: आबांचं जेवण तुटलंय, कागद झाला असला तर आणा.

सोमशेखरने दुकानातल्या कॉम्प्युटरवर फोरमच्या पानाची हुबेहूब नक्कल केली. वर तेच चित्र, तीच पट्टी, खाली हॅरोचं नाव. मधे आपला परिच्छेद बसवला, मराठीत. छापून घेतला आणि गाडीला किक मारली.

अनुजाने खाटेजवळ बसून मोठ्याने वाचलं. 'कृष्णात चौगुले खोटं बोलला नाही' या ओळीशी आकारामांनी हात वर केला. तिने ती ओळ परत वाचली, मग तिसऱ्यांदा वाचली. म्हातारा हुंदके देऊन रडू लागला. सोमशेखर भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होता.

अनुजा कागद घेऊन बाहेर आली. तिने तो उन्हात धरला, उलटा करून बघितला.

"हे तिथं हाय न्हवं? समद्या जगाला दिसतंय न्हवं?"

सोमशेखर गाडीकडे वळला.

"तुम्ही डोळ्यानं बघितलंय?"

आत म्हातारा अजून रडत होता.

"व्हय," सोमशेखर म्हणाला.