लाल पट्टीची नळी

डेल्मर हकस्टेपची निळी गाडी रस्त्यावर झोकात धावायची, पण थांबायचं म्हटलं की तिच्या जिवावर यायचं. चौकात थांबण्याच्या पाटीपाशी आली की आधी धापा टाकायची, मग कारण नसताना जोरात घुरघुरायची, पुन्हा खाली यायची आणि शेवटी एक उचकी देऊन बंद पडायची. मिल्स क्रॉसिंग गावात तिच्यामागे एकदा तरी अडकला नाही असा माणूस सापडणं कठीण होतं. खरं तर डेल्मर गाडी वर्षातून चारदाच बाहेर काढत असे. घर ते जत्रेचं मैदान, दीड मैल जायचं, दीड मैल यायचं. पण तेवढ्यातही तिनं सगळ्या गावाला पुरून उरेल इतका त्रास दिला होता.

गाडी १९६७ सालची. डेल्मर बहात्तर वर्षांचा, आणि शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. जुन्या गाड्यांच्या क्लबचा कप त्याला हवा होता, आणि गेली अकरा वर्षं तो मिळत नव्हता. क्लबचं नियमांचं पुस्तक एकशे चाळीस पानांचं. एक हजार गुण, आणि प्रत्येक वस्तू कारखान्यातून निघाली तशी असेल तरच ते मिळणार. शेजारच्या सीटवर कारखान्याचं मूळ प्लास्टिक अजून चढवलेलं होतं, त्याचे सहा गुण. त्यामुळे त्याची बायको लॉर्ना त्या सीटवर आजपर्यंत बसली नव्हती.

"कप मिळू दे," डेल्मर दर वर्षी सांगायचा. "मग गाडी स्पर्धेतून काढतो. आपण दोघं मिशिगन सरोवरावर जाऊ. तू म्हणशील तिथे थांबू."

"तुझी गाडी थांबते कुठे, मरते," लॉर्ना म्हणायची. पण दर वर्षी स्पर्धेच्या सकाळी ती सँडविचं बांधून टोपली तयार ठेवायचीच.

कप अडायचा तो नाण्यावर. क्लबची जुनी रीत अशी की इंजिन सुरू ठेवायचं, गाडी जागच्या जागी उभी, आणि इंजिनावरच्या हवेच्या डब्याच्या झाकणावर पाच सेंटचं नाणं कडेवर उभं करायचं. ते एक मिनिट उभं राहिलं तर वीस गुण. डेल्मरचं नाणं आजवर सात सेकंदांच्या पुढे गेलं नव्हतं. गेल्या वर्षी तर ते घरंगळून थेट गटारात गेलं, आणि नाणं क्लबच्या अध्यक्षांचं असल्यामुळे त्यांनी तिथल्या तिथे ते परत मागितलं.

रोगाचं निदान करायला माणसांची कमी नव्हती. एकाच्या मते पेट्रोलच पूर्वीसारखं राहिलं नव्हतं. दुसऱ्यानं ठिणगीचा दोष सांगितला, आणि तिसऱ्यानं सरकारचा. एल्रॉय पिकेन्सला मात्र शंकाच नव्हती. त्यानं चाळीस वर्षं शेतावरची यंत्रं दुरुस्त केली होती, आणि गाडीचं काहीही बिघडलं तरी हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर उघडायचा ही त्याची श्रद्धा होती. या उन्हाळ्यात त्यानं तो चार वेळा उघडला. चारही वेळा तो आतून आरशासारखा स्वच्छ निघाला, आणि चारही वेळा एल्रॉय म्हणाला, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

स्पर्धा शनिवारी. गुरुवारी दुपारी एल्रॉय स्प्रेचा डबा घेऊन आला.

"इंजिन कुठूनतरी फुकटची हवा ओढतंय," तो म्हणाला. "त्यामुळे पेट्रोल पुरत नाही. इंजिन सुरू ठेव. मी सांध्यासांध्यावर हे फवारतो. जिथे फवारल्यावर आवाज बदलेल, तिथे भोक."

कल्पना अगदी बरोबर होती. एल्रॉयनं कार्ब्युरेटरच्या तळाशी फवारलं, इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या कडेनं फवारलं, बारीकसारीक नळ्यांवर फवारलं. गाडी आपली पहिल्यासारखीच धापा टाकत राहिली. मग त्यानं डबा एका अंगठ्याएवढ्या जाड, काळ्या नळीकडे वळवला, आणि डेल्मर बहात्तर वर्षांच्या माणसाला शोभणार नाही अशा चपळाईनं मध्ये आला.

"तिच्यावर नको. पट्टी जाईल."

त्या नळीवर कारखान्याची लाल पट्टी होती. अशा नळ्या क्लबच्या माहितीत देशभरात तीनच उरल्या होत्या. ॲरिझोनातल्या एका विधवा बाईशी दोन वर्षं पत्रव्यवहार करून डेल्मरनं ती अकरा वर्षांपूर्वी मिळवली होती. तोवर चाळीस वर्षं पिशवीत सीलबंद राहिलेली, कोणाचा हात न लागलेली. तिचे चार गुण होते. इंजिनाची तपासणी त्यामुळे अशी झाली की तिच्याखेरीज सगळ्या गाडीवर फवारा मारला गेला.

"मग पुन्हा कार्ब्युरेटरच बघू," एल्रॉय म्हणाला.

तेवढ्यात लॉर्ना घरातून आली. जिल्हा रुग्णालयात तिनं अडतीस वर्षं नर्सचं काम केलेलं. गळ्यात जुना स्टेथोस्कोप होता, आणि त्याची छातीला लावायची चकती तिनं काढून टाकली होती.

"अर्धा मिनिट गप्प बसाल का दोघं? अकरा वर्षं ऐकतेय मी हे खिडकीतून. हे खोकल्याचं दुखणं नाही, सुस्कारण्याचं आहे."

ती वाकली. स्टेथोस्कोपची नुसती रबरी नळी इंजिनाच्या एकेका जागी धरत गेली. लाल पट्टीच्या नळीखाली आली आणि थांबली. मग तिनं नळीच्या पोटाखाली हात घालून अंगठा दाबला. घुरघुर एकदम बंद झाली आणि इंजिन पोट भरलेल्या मांजरासारखं संथ गुरगुरायला लागलं. अंगठा काढला, पुन्हा धापा सुरू.

एल्रॉयनं स्प्रेचा डबा हळूच पाठीमागे नेला.

"ती मूळ नळी आहे," शेवटी डेल्मर म्हणाला.

"मूळ आहे म्हणूनच. पन्नास वर्षांचं रबर आहे, डेल्मर. माझे गुडघेही मूळचेच आहेत, त्यांना काय झालंय ते तू बघतोसच."

नळी ठेवली तर नाणं पडणार होतं. बदलली तर चार गुण जाणार होते, आणि गेल्या खेपेच्या हिशेबानं नाण्याचे वीस गुण धरूनही डेल्मर इतका काठावर होता की चार गुणांत कप जाणं नक्की होतं. दुकानातून नवी साधी काळी नळी आणली, बसवली, एल्रॉयनं दोन स्क्रू फिरवले आणि गाडी गुणी झाली. डेल्मर मात्र तिच्याकडे बघून कोणीतरी गेल्यासारखा बसून राहिला.

लॉर्ना आत जाऊन नेलपॉलिशची बाटली घेऊन आली. लाल.

"नाही," डेल्मर म्हणाला. "ती फसवणूक आहे."

"बरं," लॉर्ना म्हणाली आणि शेजारी बसून नखं रंगवायला लागली. चाळीस मिनिटांनी डेल्मर स्वतः नळीवर बॅटरी धरून उभा होता आणि म्हणत होता, "जरा बारीक काढ, कारखान्याची थोडी बारीक असते."

शनिवारी मैदानावर अध्यक्ष थर्मन गॅडिस पांढरे हातमोजे घालून आला. तो निवृत्त दंतवैद्य होता आणि इंजिनाचं झाकण उघडलं की त्याला गाडीनं आ केल्यासारखं वाटत असावं. नाणं उभं केलं. एक मिनिट झालं, दोन झाली, नाणं हललं नाही. मग थर्मननं भिंग काढलं आणि नळीवर वाकला.

"मंडळी, इकडे या," थर्मन म्हणाला. "हा लाल बघा. नकली नळ्यांवर टोमॅटोसारखा लाल असतो. तीस वर्षं मी पट्ट्या बघतोय, पण असा लाल आज कोणाच्या हातून उतरणार नाही."

लॉर्नानं नखं कोटाच्या खिशात घातली.

कप डेल्मरला मिळाला. टाळ्या झाल्या. थर्मननं हात वर करून आणखी एक घोषणा केली. ही नळी आता नियमांच्या पुस्तकात नमुना म्हणून छापली जाईल, आणि ही गाडी क्लबच्या दालनात तीन वर्षं दोरीमागे उभी राहील. इंजिन मात्र सुरू करायचं नाही, उष्णतेनं पट्टी फिकी पडेल.

पुन्हा टाळ्या झाल्या, आधीपेक्षा जोरात. डेल्मरनं कप छातीशी धरून लॉर्नाकडे पाहिलं. ती गाडीच्या दाराशी टोपली घेऊन उभी होती. तिनं डोक्याला निळा रुमाल बांधला होता, जाण्याच्या तयारीनं. तिनं टोपली खाली ठेवली आणि ती रुमालाची गाठ सोडायला लागली. त्या क्षणी डेल्मरला स्वतःची इतकी लाज वाटली की हातातला कप नकोसा झाला.

"थर्मन, ती पट्टी नेलपॉलिशची आहे."

थर्मन हसला. "तुझी थट्टा कळली."

"थट्टा नाही. नळी कोपऱ्यावरच्या दुकानातली आहे. परवाच आणली."

"डेल्मर, बाबा, तुला ऊन लागलंय. मी तीस वर्षं—"

लॉर्नानं पर्समधून नेलपॉलिश पुसायची बाटली आणि कापूस काढला. पट्टी कुठे उडाली तर डागडुजीला म्हणून तिनं सगळं सोबत आणलं होतं. थर्मन पुढे येईपर्यंत तिनं नळी पुसलीसुद्धा. लाल रंग गेला आणि त्याखाली पांढऱ्या अक्षरांत छापलेलं दुकानाचं नाव आणि चालू वर्ष दिसलं.

एल्रॉयला खोकल्याची उबळ आली. मागच्या रांगेतल्या तिघांनी आपापल्या गाड्यांची झाकणं हळूच लावून घेतली. थर्मननं हातमोजे काढले, कप परत घेतला आणि वहीत चार गुण कापले. खरं बोलल्याचा रकाना एकशे चाळीस पानांत कुठे नसल्यामुळे तिथे त्याला काही लिहिता आलं नाही.

डेल्मरनं शेजारच्या सीटवरचं प्लास्टिक धरलं आणि टराटरा फाडून काढलं. लॉर्ना मैदानाच्या चिखलाच्या बुटांसकट आत बसली.

गावाबाहेरच्या पहिल्या पाटीपाशी डेल्मरनं सवयीनं श्वास रोखून ब्रेक दाबला. गाडी थांबली आणि संथ गुरगुरत राहिली. रस्ता मोकळा होता, तरी तो जागचा हलेना. मागच्या ट्रकनं भोंगा वाजवला.

"काय झालं?" लॉर्नानं विचारलं.

"ऐक ना. एक मिनिट होऊन गेलं. वीस गुण."

"आणि मी अकरा वर्षं वाट बघितली, त्याचे किती?"

डेल्मरनं गिअर टाकला आणि गाडी सरोवराच्या रस्त्याला लावली.