समुद्रापलीकडची चतकोर

मी एक जुनी लोखंडी शेकणी आहे. तव्यावरून उतरलेली, ओट नावाच्या धान्याची भाकरी माझ्या अंगाला टेकवून विस्तवासमोर उभी करतात आणि ती तिथे सावकाश कडक होत राहते. तीन पाय, पुढे पीळ दिलेल्या पाच सळया, खाली भाकरी टेकवायला एक पट्टी, एवढंच माझं रूप. आता अंगाला गंज चढलाय, एक पाय वाकलाय. पण मित्रांनो, माझ्यासमोर एकदा असं काही घडलं की ते आठवलं तरी माझं थंड लोखंड आतून तापल्यासारखं होतं.

माझा जन्म आयर्लंडच्या उत्तरेकडच्या एका खेड्यात, ह्यू गिलफिलन नावाच्या लोहाराच्या भट्टीत झाला. मोडक्या गाडीच्या चाकाची लोखंडी धाव त्याने तापवली, ठोकली, आणि तिच्यातून एक नव्हे, दोन शेकण्या घडवल्या. एक थोरल्या ग्रिझेलसाठी, एक धाकट्या राचेलसाठी. ह्यू डावखुरा होता. इतर लोहारांच्या सळयांचा पीळ उजवीकडे वळतो, त्याचा डावीकडे वळायचा.

"ह्यू, तुझ्या शेकणीवर भाकरी उलटी शेकते काय रे?" शेजारी चिडवायचे.

"पोटात गेली की होते सुलटी," ह्यू म्हणायचा.

त्या घरात एक रीत होती. तव्यावरच्या भाकरीवर सुरीने फुली मारून तिच्या चार चतकोर करायच्या. तीन घरात खायच्या. चौथी माझ्या पट्टीवर उभी ठेवायची, घराबाहेर असलेल्या माणसासाठी. तो सकाळपर्यंत आला नाही, तर ती कोंबड्यांना जायची. ह्यूचा भाऊ पलटणीत गेला होता, त्याची ती चतकोर. तो कधी आला नाही. कोंबड्या मात्र चांगल्या पोसल्या.

ग्रिझेल एकोणीस वर्षांची झाली, तिचं लग्न झालं, आणि नवरा-बायकोने अमेरिकेला जायचं ठरवलं. जहाजावर दोन-अडीच महिने टिकेल अशी एकच शिदोरी होती, ओटाची कडक भाकरी. तीन दिवस सगळ्या आळीतल्या बाया पीठ घेऊन आल्या आणि आम्हा दोघी बहिणींसमोरचा विस्तव विझला नाही. पंधरा वर्षांची राचेल पीठ मळत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी पिठात पडत होतं.

"रडू नको गं, भाकरी खारट होईल," ग्रिझेल म्हणाली.

"होऊ दे. ताई, पोचलीस की सांगावा धाड."

"कुणाबरोबर धाडू? माशाबरोबर?"

दोघी हसल्या. मग मला भाकऱ्यांच्या पिंपात खोचलं. माझी जुळी राचेलच्या चुलीपाशी राहिली.

पेनसिल्व्हेनियातल्या सस्कहाना नदीपलीकडच्या दरीत ओंडक्यांचं घर उभं राहिलं. तिथे सगळा मका. मक्याची भाकरी माझ्यावर उभी राहत नाही, मोडून पडते. म्हणून ग्रिझेलने ओढ्याकाठी ओटाचा एक पट्टा पेरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. तिच्या भाकरीचं नाव दरीभर झालं. तेव्हाचा माझा तोरा काय सांगू! राखेने घासून चकचकीत ठेवायची मला.

मायदेशाहून नवं कुटुंब दरीत आलं की ग्रिझेल त्यांना जेवायला बोलवायची आणि भाकरी पुढे ठेवून एकच प्रश्न विचारायची, "राचेल गिलफिलन कुणाला माहीत आहे? लोहाराची धाकटी?" एकदा एका फेरीवाल्याने सांगितलं, तिचं लग्न झालं, दूरच्या गावी दिली. गाव कुठलं, नवरा कोण, त्याला ठाऊक नव्हतं. त्यानंतर काहीच नाही. आई-बाप गेल्याचं कळलं. ग्रिझेलचा नवराही गेला. मूल झालं नव्हतं. एकेचाळीस वर्षं ती विचारत राहिली आणि मी तिच्या चुलीपाशी ऐकत राहिले. माणसं हसायची. "ग्रिझेलबाईंची भाकरी फुकट नसते, प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं," म्हणायची.

अशाच एका शरद ऋतूत दोन पोरक्या मुली तिच्या दारी आल्या. दहा वर्षांची इझोबेल आणि चार वर्षांची चिमणी. आई ॲग्नेस जहाजावरच वारली, बाप बंदरावरून येताना वाटेत तापाने गेला. बरोबरच्या लोकांनी त्यांना दरीपर्यंत आणलं. सोबत एक गाठोडं होतं. इझोबेल त्याच्यावरच बसायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. गाठोड्यातून एक लोखंडी पाय बाहेर डोकावत होता.

मित्रांनो, तो पाय मी ओळखला. एकाच धावेचं लोखंड आम्ही! पण मला जीभ कुठली?

ग्रिझेलने नेहमीचा प्रश्न विचारला. इझोबेलने मान हलवली. "त्या नावाची बाई नाही माहीत."

"तुझ्या आईच्या आईचं नाव काय होतं, बाळ?"

"आजी. मी जन्मायच्या आधीच गेली ती."

ग्रिझेल पोरीच्या हनुवटीकडे बघत राहिली. "राचेल अशीच हनुवटी वर करून बोलायची," ती पुटपुटली.

शनिवारी चर्चचे पंच गेविन लोगन आले. त्या दरीत पोरक्या मुलांचं काय करायचं ते पंच ठरवत. नातेवाईक असले तर मुलं त्यांच्याकडे, नसले तर वेगवेगळ्या घरी अठरा वर्षांची होईपर्यंत कामाला बांधून द्यायची. इझोबेलला गावातल्या खानावळीत आणि चिमणीला नदीपलीकडे चार दिवसांच्या वाटेवर द्यायचं ठरत होतं.

"या माझ्या बहिणीच्या नाती असतील," ग्रिझेल म्हणाली.

"असतील म्हणजे?"

"हनुवटी बघा ना, लोगनदादा."

"ग्रिझेलबाई, हनुवटी तर माझ्या बकरीलाही आहे." लोगन वाईट माणूस नव्हते. दरीतल्या सगळ्या सोयरिकी त्यांना तोंडपाठ होत्या आणि त्या हिशेबाचा त्यांना अभिमान होता. ते बोटं मोजू लागले. "आपल्यात पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव देतात. दुसरीला बापाच्या आईचं. यात चूक होत नाही. तुमच्या राचेलची मुलगी ॲग्नेस असती, तर ॲग्नेसच्या थोरलीचं नाव राचेल असतं. ही थोरली इझोबेल. म्हणजे ॲग्नेसची आई इझोबेल. राचेल नव्हे. संपलं."

रीत ग्रिझेललाही माहीत होती.

"सोमवारी न्यायला येतो," लोगन म्हणाले आणि टोपी घालून गेले.

ग्रिझेलने पीठ काढलं. दोन मुली दोन वाटांनी जाणार, तर दोन शिदोऱ्या हव्यात. निरोप म्हटला की ओटाची भाकरी, दुसरं तिला काही सुचलं नसतं. दुपारभर ती लाटत होती. माझ्यावर जागा उरली नाही, तशी ती म्हणाली, "अजून एक शेकणी असती तर बरं होतं."

इझोबेल गाठोड्यावरून उठली. गाठ सोडली. "आमच्याकडे आहे."

आणि एकेचाळीस वर्षांनी माझी जुळी माझ्या शेजारी, त्याच विस्तवासमोर उभी राहिली. काजळीने काळीठिक्कर, पण तीच.

ग्रिझेल भाकरी टेकवायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. तिने बोटाने सळईवरची काजळी पुसली. पीळ डावीकडे. मग माझ्या सळईवर बोट ठेवलं. डावीकडे. तरी ती स्वतःलाच म्हणाली, "डावखुरे लोहार काय एकच असतात? उगीच आशा नको."

भाकरी तयार झाली. इझोबेलने न सांगता तिच्या चार चतकोर केल्या. एक चिमणीला, एक स्वतःला, एक ग्रिझेलला. चौथी तिने काळ्या शेकणीच्या पट्टीवर उभी ठेवली.

"ती कुणाची?" ग्रिझेलचा आवाज मला ओळखू आला नाही.

"त्या बाईची."

"कुठल्या बाईची?"

"नाव नाही माहीत. समुद्रापलीकडे गेलेल्या बाईची. आई रोज ठेवायची. तिची आईही ठेवायची म्हणे. ती बाई आली तर उपाशी नको राहायला म्हणून."

मित्रांनो, त्या क्षणी चुलीतली लाकडंही तडतडायची थांबली असावीत. एक बाई इकडे चाळीस वर्षं विचारत होती, आणि तिकडे, ती गेली त्या दिवसापासून, रोज तिची भाकरी काढून ठेवली जात होती. आई गेली तर लेक ठेवत होती. कुणासाठी ते नावही विसरलं होतं, पण ठेवायचं विसरलं नव्हतं.

"आणि पोरी," ग्रिझेल जमिनीवरच बसली, "तू खरंच थोरली का गं?"

"जिवंत आहे त्यात थोरली. आधीची एक तीन वर्षांची होऊन गेली. राचेल. मग चिमणी झाली तेव्हा तेच नाव तिला ठेवलं. पण आईच्या तोंडातून ते नाव निघेना. म्हणून चिमणीच म्हणायची."

चिमणीने तोंडातला घास बाजूला सारून विचारलं, "माझं नाव राचेल आहे?"

दुसऱ्याच दिवशी, प्रार्थना संपल्या संपल्या, ग्रिझेलने लोगनना ओढतच घरी आणलं. त्यांनी दोन्ही शेकण्यांचे पीळ पाहिले, इझोबेलचं बोलणं ऐकलं आणि आपली बोटं पुन्हा पहिल्यापासून मोजली.

"मेलेली पोर मोजायची राहिली," शेवटी ते हळूच म्हणाले. "माझ्या घरीही दोन आहेत तशा. मला कळायला हवं होतं." मग घसा खाकरून म्हणाले, "पण चर्चच्या वहीत काय लिहू? साक्षीदार नाही, कागद नाही. भाकरी ठेवत होते म्हणून नातं?"

ग्रिझेलने काळ्या शेकणीवरची चतकोर उचलली. कालची, कडक झालेली. तिने ती मोडून तोंडात घातली आणि सावकाश चावली.

"लिहा," ती म्हणाली, "की पोचली."

लोगननी तसंच लिहिलं की आणखी काही, मला माहीत नाही. मुली राहिल्या एवढं खरं. त्या संध्याकाळीही इझोबेलने चौथी चतकोर उभी ठेवली. ग्रिझेल हसली, "आता कुणाची? मी तर आले."

"अजून कुणी असेल वाटेवर," इझोबेल म्हणाली.

पुढे घरात बंद शेगड्या आल्या, बाजाराचा पाव आला. आम्हा दोघींची कोठारात रवानगी झाली. माझ्यावर एकदा कोंबडी उबवायला बसली होती, तेवढाच मान. पण जुळी शेजारी आहे, तक्रार नाही.

फक्त एक मागणं आहे, मित्रांनो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नावं विचारून ठेवा. जी मुलं जगली नाहीत, त्यांचीही विचारा. आणि तुमच्या घरात एखादी अशी सवय असेल, जिचं कारण आता कुणालाच सांगता येत नाही, तर ती घाईने मोडू नका. कुणी तरी अजून वाटेवर असेल.