दुसऱ्या कंपनीची गाडी

आमच्याकडे माणूस कुठल्या चर्चला जातो हे विचारायला लोक संकोचतात. तो कुठल्या कंपनीचा पिकअप चालवतो हे मात्र विचारावंच लागत नाही, कारण ते सगळ्यांना त्याच्या आजोबांपासून ठाऊक असतं. ह्रुस्का घराण्यात १९४८ पासून एकाच कंपनीची गाडी. मी लग्न होऊन या घरात आले त्या दिवशी माझ्या वडिलांना त्यांचा पिकअप फाटकाबाहेर रस्त्यावर उभा करायला सांगितलं गेलं. आत जागा नसेल असं ते बिचारे शेवटपर्यंत समजत होते. त्यांची गाडी दुसऱ्या कंपनीची होती.

माझे सासरे एमिल ह्रुस्का आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत. अंगणापलीकडच्या छोट्या घरात ते एकटे राहतात, आणि तबेल्यात त्यांच्या दोन बेल्जियन घोड्या, पर्ल आणि ओपल. एकेकीचं वजन एकोणीसशे पौंडांच्या आसपास. दर ऑगस्टला जिल्ह्याच्या जत्रेत ओढीची स्पर्धा असते. लोखंडी फळीवर काँक्रीटचे ठोकळे रचतात आणि जोडीनं ते ओढायचे. एमिलनी एकोणचाळीस जत्रांत घोडे उतरवले होते. या वर्षी समितीनं जाहीर केलं की ही स्पर्धा शेवटची, कारण जोड्या चारच उरल्यात आणि पुढच्या वर्षी त्या मैदानात मोटारसायकली उडवायच्या आहेत. त्यामुळे एमिलना चाळिसावी जत्रा गाठायची होती. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, फक्त मार्चपासूनच साज तेलानं पुसायला घेतला.

अडचण होती ती डोंगराची. जत्रेचं मैदान पाइन रिजच्या पलीकडे, आणि पलीकडचा उतार सात टक्क्यांचा. गेल्या वर्षी माझा नवरा लाइल चालवत होता, मी मध्ये आणि एमिल खिडकीपाशी. उतारावर ट्रेलर आमच्या जुन्या पिकअपला मागून ढकलायला लागला. ब्रेक जळल्याचा वास आला, आणि एमिल पुढ्यातली जमीन बुटानं इतकी दाबत होते की तिथे पेडल असतं तर आम्ही जागच्या जागी थांबलो असतो. खाली पोचल्यावर मी उतरले, दोन्ही घोड्यांना पाणी दिलं आणि सांगितलं की या गाडीला हा ट्रेलर जोडून मी पुन्हा हा डोंगर उतरणार नाही, घोड्यांनाही उतरू देणार नाही.

मी एकतीस वर्षं शाळेत रसायन आणि भौतिकशास्त्र शिकवलं. आकडे समोर ठेवले की माणसं पटतात, असा माझा समज आहे. एप्रिलमध्ये मी लाइलला सगळं जसंच्या तसं जोडायला लावलं, घोड्यांसकट, आणि आम्ही धान्याच्या कोठारावरच्या वजनकाट्यावर गेलो. तो काटा मोठा आहे, आणि आकडा बाहेर भिंतीवर लाल दिव्यांत उमटतो. काट्यासमोरच्या खोलीत गावातले निवृत्त लोक कॉफी पीत बसलेले असतात, त्यामुळे तो आकडा साडेनऊपर्यंत सगळ्या गावाला पाठ होतो.

घोड्यांसकट नुसत्या ट्रेलरचा आकडा आला आठ हजार पौंड. आमच्या पिकअपनं ओढायचं वजन जास्तीत जास्त सात हजार. मी तो आकडा एमिलना दोनदा वाचून दाखवला.

"हा काटा एक्क्याण्णवपासून जास्त दाखवतो," एमिल म्हणाले.

काट्यावरचा डेल्बर्ट खिडकीतून ओरडला की तुमचा मका मोजताना मात्र तुम्ही असं कधी म्हणाला नाहीत. आतली मंडळी हसली. मग एमिलनी वजन कमी करायला घेतलं. पाण्याच्या बादल्या उतरवल्या, गवताची एक गाठ उतरवली, जादा चाक उतरवलं. आकडा दोनशेनं खाली आला. ते थोडा वेळ दिव्यांकडे बघत राहिले आणि मग माझ्याकडे वळले.

"मास्तरीणबाई, तू घरीच राहिलीस तर?"

मी म्हटलं, "डॅड, मी पुढे गाडीत बसते. माझं वजन ट्रेलरमध्ये नाही."

"पण बोलण्याचं आहे ना," ते म्हणाले. तरी परत येताना वाटेत त्यांनी कबूल केलं की मोठी गाडी घ्यायला हवी. एक टनी घ्या, म्हणाले. आपल्या कंपनीची.

हे अर्धा टन, पाऊण टन, एक टन असे पिकअपचे प्रकार ऐकून मला वर्षानुवर्षं त्रास झालाय, कारण त्यातला कुठलाच टन कशाचंही वजन नसतो. पण नावं पडलीत आणि लोक ती वापरतात. आमच्या कंपनीची एक टनी गाडी आम्हाला परवडेल अशी तीन जिल्ह्यांत मिळेना. दरम्यान लाइलनं लिलावात एक ट्रेलर पाहिला आणि गाडी नसताना घेऊन टाकला. ट्रेलर चांगला होता, उंच होता, पर्लचे कान छताला लागत नव्हते. पण तो मागच्या बंपरला जोडायचा नव्हता. त्याची मान हंसासारखी वर उठून पुढे येते आणि पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या बरोबर वर, एका पोलादी गोळ्यावर बसते. भार तिथे पडला की ट्रेलर मागून ढकलाढकली करत नाही. मला तो फार आवडला. दोन महिने तो अंगणात ओढणाऱ्याविना उभा होता, आणि लाइल रोज त्याच्याभोवती एक चक्कर मारून येत असे.

जूनमध्ये मला गाडी मिळाली. एक टनी, डिझेलची, मागे चार चाकं, हौद्यात गोळा आधीच बसवलेला, आणि वापरलीही फारशी नव्हती. विकणाऱ्या बाईनं मला सगळ्या दुरुस्त्यांच्या पावत्या तारखेप्रमाणे लावून दाखवल्या, तेव्हाच माझा निर्णय झाला. दुसऱ्या कंपनीची होती. मागच्या फाळक्यावर कंपनीचं नाव हातभर उंचीच्या अक्षरांत दाबून उमटवलेलं, अर्ध्या मैलावरून वाचता येईल असं.

मी ती घरी आणली तेव्हा एमिल फाटकात उभे होते. त्यांनी हात वर केला. मी थांबले. त्यांनी अंगठ्यानं रस्त्याकडे दाखवलं, आणि माझ्या वडिलांची गाडी जिथे उभी राहिली होती तिथेच मी माझी उभी केली.

त्या उन्हाळ्यात मी किराणा फाटकापासून घरापर्यंत हातात उचलून आणला. ट्रेलर जोडण्याचा सराव आम्ही सकाळी नऊ ते साडेदहा, म्हणजे एमिल गावात कॉफीला गेले की करत असू. फाळका उघडायचा, गाडी मागे घेत गोळा ट्रेलरच्या मानेखाली आणायचा, मान उतरवायची, कुलूप, साखळ्या, ब्रेकची तार, दिवे, मग फाळका बंद. मी जोडणीची चौदा कलमांची यादी करून प्लास्टिकमध्ये बंद केली होती. साडेदहाच्या आत गाडी परत रस्त्यावर. एमिलना सगळं कळत होतं. अंगणात रोज मागच्या चार चाकांच्या खुणा पडायच्या आणि दुपारी ते दाताळ्यानं खडी सारखी करायचे, पण विषय काढायचे नाहीत.

जत्रा शनिवारी होती. बुधवारी त्यांनी आपला बेत सांगितला. जुना पिकअप, जुना ट्रेलर आणि एका वेळी एक घोडी. दोन खेपा. हे वजनात बसत होतं, मी नाही म्हणू शकले नाही. गुरुवारी त्यांनी पर्लला चढवलं आणि चाचणी म्हणून हमरस्त्यापर्यंत नेलं. या दोघी जन्मापासून एकमेकींशिवाय राहिलेल्या नाहीत. ट्रेलर फाटकाबाहेर गेला तशी ओपल ओरडली, तिकडून पर्ल ओरडली, आणि एमिल परत येईपर्यंत ओपलनं कुंपणाचे दोन वासे मोडले होते आणि ती निम्म्या वाटेवर त्यांना सामोरी आली होती. एमिलनी तिला हातानं धरून घरी आणलं.

त्या संध्याकाळी त्यांनी साज पुन्हा खुंट्यांना लावला.

लाइल त्यांच्याशी बोलायला गेला. तासाभरानं परत येऊन म्हणाला की डॅड ऐकत नाहीत. ते म्हणतात, चाळीस वर्षं ज्या लोकांना मी चिडवलं त्यांच्यासमोर त्या नावामागून उतरू? उद्या पाचच्या आत समितीला फोन करून नाव काढून घेणार आहेत.

शुक्रवारी दुपारी ते औषधं आणायला गावात गेले. मी ट्रेलर जोडून हमरस्त्यापर्यंत एक फेरी मारून आणली, कशासाठी ते मलाही सांगता आलं नसतं. परत येऊन सोडायला घेतला तेव्हा लाइल घराच्या गच्चीतून ओरडला, "डॅड लवकर आले, वळणावर धूळ दिसतेय." मी घाईत सुटका-यादी हातात घेतली. ही यादी मी जुन्या ट्रेलरची तशीच ठेवली होती, नऊ कलमांची. साखळ्या सोडल्या. तार काढली. कुलूप उघडलं. मान गोळ्यावरून वर उचलली. नऊच्या नऊ खुणा करून मी गाडीत बसले आणि पुढे घेतली.

जुना ट्रेलर बंपरला लागायचा. त्याच्या यादीत फाळका उघडा असं कलम असायचं काहीच कारण नव्हतं. सरावात फाळका लाइल उघडायचा.

आवाज मोठा झाला. ट्रेलरच्या मानेखाली हौद्यात लोंबणारा लोखंडी खांब आतून बंद फाळक्यावर आदळला होता, आणि तो फाळका वही मिटावी तसा मधोमध दुमडून बाहेर लोंबत होता. मी उतरून बघत असतानाच एमिलचा जुना पिकअप आत आला. ते खाली उतरले, हात खिशात घालून मागे आले आणि बराच वेळ बघत उभे राहिले. नावातलं फक्त शेवटचं अक्षर शाबूत होतं, तेही उलटं.

"किती वर्षं शिकवलंस म्हणालीस?"

"एकतीस."

"आणि त्या पोरांना नोकऱ्या लागल्या?"

ते तबेल्यात जाऊन पहार आणि पाना घेऊन आले. अडकलेल्या बिजागऱ्या त्यांनी आणि लाइलनं मिळून सोडवल्या, आणि फाळका उचलून शेडच्या मागे ठेवला. मग एमिल परत येऊन गाडीच्या मागे उभे राहिले. हौदा उघडा, मध्ये गोळा, आणि नाव कुठेच नाही. ते दहा पावलं मागे गेले, पुन्हा बघितलं.

लाइल हळूच म्हणाला की पुढच्या जाळीवर त्या कंपनीचं चिन्ह अजून आहे.

"ते समोरून येणाऱ्याला दिसेल," एमिल म्हणाले. "मी आत बसणार."

ते गाडीच्या आत डोकावले. स्टिअरिंगवरही चिन्ह होतं. त्यांनी खिशातून काळी चिकटपट्टी काढून त्यावर दोन आडव्या पट्ट्या लावल्या आणि अंगठ्यानं नीट दाबल्या. घड्याळात चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. ते घरात गेले. समितीला फोन लावल्याचं खिडकीतून दिसलं. बाहेर आल्यावर, समितीनं सकाळी सातला बोलावलंय, एवढंच त्यांनी आम्हाला सांगितलं. मी मात्र रात्री जेवणाआधी सुटका-यादी नव्यानं लिहिली. दहा कलमं.

शनिवारी पहाटे पर्ल चढली, तिच्यामागे ओपल चढली. मी चालवायला, एमिल शेजारी, लाइल मागच्या सीटवर कोलाचीचा, म्हणजे आत गोड सारण भरलेल्या पावांचा, डबा मांडीवर घेऊन. चढाला गाडीला काही विशेष वाटलं नाही. उतार सुरू झाला तसा एमिलनी उजवा बूट जमिनीवर दाबला. मी इंजिनाचा ब्रेक लावला. ट्रेलर मागे शांतपणे येत होता, ढकलत नव्हता, हलत नव्हता. निम्म्यावर आल्यावर मी तिरपं पाहिलं तर त्यांचा पाय सैल पडला होता आणि ते कोलाची मागत होते. खसखशीची, जर्दाळूची नको.

मैदानाच्या दारात त्यांचे दोन जुने प्रतिस्पर्धी खुर्च्या टाकून बसले होते. एक जण उठून गाडीच्या मागे गेला, वाकून बघितलं, परत आला.

"एमिल, ही कुठल्या कंपनीची?"

"सुनेची," एमिल म्हणाले, आणि घोड्या उतरवायला गेले.

चार जोड्यांत आम्ही तिसरे आलो. परतीच्या वाटेवर एमिलनी काच पूर्ण खाली घेतली आणि दिसेल त्या ओळखीच्या माणसाला हात केला. ज्याचं लक्ष गेलं नाही त्याच्यासाठी मला हॉर्न वाजवायला लावला, आणि तो वळून बघेपर्यंत मला गाडी हळू घ्यायला सांगितली.