हलक्या हाताची सुई

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. गळा माझा नाही, गाणं माझं नाही, मी आपला तबकडी फिरवतो; पण ऐट विचाराल तर गवयाने लाजावं!

कारखान्यातून मी थेट एका मास्तरांच्या घरी गेलो. केवढं ते कौतुक! पाहुणा आला की आधी मी, मग चहा. झाकणावर धूळ दिसली की मास्तर घर डोक्यावर घेत. पुढे खिशात मावणारी गाणी आली आणि माझ्या झाकणावर इस्त्रीचे कपडे ठेवू लागले. फार वाईट वाटलं हो. मास्तर गेले आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात, वरच्या फळीवर येऊन पडलो.

एके दिवशी शिवणकाम करणारी एक ताई आपल्या म्हाताऱ्या बाबांना घेऊन तिथे आली. बाबांनी एक तबकडी छातीशी धरली होती. ताई तान्ही असतानाच तिची आई गेली. आई एका गायनमंडळात गात असे आणि तिचा आवाज आता त्या एकाच तबकडीत उरला होता. ओरखडा पडेल या धास्तीने बाबांनी ती कधी वाजवलीच नाही. त्यामुळे ताईने आईचा आवाज आजवर ऐकला नव्हता. आता तो ऐकायचाच, म्हणून दोघं प्लेअर घ्यायला आली होती.

दुकानदाराने एक नवाकोरा, पेटीसारखा प्लेअर पुढे केला. "स्वस्त आणि मस्त! सुईने उडी मारलीच, तर तिच्या दांडीवर एक नाणं ठेवायचं. झालं काम!"

नाण्याच्या भाराने सुई तबकडी खरवडते, पण माझं ऐकतो कोण?

ताईने त्या प्लेअरची दांडी बोटावर तोलली. "अगंबाई, ही आत्ताच एवढी जड, वर आणखी नाणं? अहो दादा, सुई जड पडली की कापड जातं. तबकडीचं वेगळं काय असणार?" मग तिची नजर माझ्यावर पडली. माझी दांडी तिने उचलली, सुईचा भार कमी-जास्त करणारं मागचं वजन फिरवून पाहिलं. दांडी अधांतरी तरंगली.

"हाच द्या. तबकडी फिरवणारा पट्टा बदला आणि सुई मात्र नवी घाला."

"ताई, अहो, हे खोकड!"

"असू दे. माझं शिलाई मशीनही खोकडच आहे."

घरी पट्टा ताणला गेला, सुई टेकली, मंडळ गाऊ लागलं. ताई कान देऊन ऐकत होती. मग रडवेली झाली. "बाबा, यातली आई कुठली?"

"थांब जरा. ओळ संपली की ऐक. सगळ्या गप्प झाल्या तरी एक मागे रेंगाळते ना? तीच! कायम उशीर, बाईसाहेबांना!" बाबा हसता हसता डोळे पुसू लागले.

तबकडी संपली. ताईने माझी दांडी अलगद उचलली. "पुन्हा लावू? की झिजेल?"

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जरूर जपा. धूळ पुसा, भार टाकू नका. पण जपायचं म्हणून आम्हाला मुकं करून ठेवू नका. माझं हे म्हणणं बाबांनीच बोलून दाखवलं.

"झिजू दे, पोरी. लाव."