चिंचेने घासलेल्या पुंगळ्या

घरात नवं पितळ आलं की मंगलाबाईंचे हात शिवशिवत. त्यात उद्या लेक मेघाची रायफल नेमबाजीची निवड चाचणी, म्हणजे जीव आधीच टांगणीला. नवरा संघपाल फौजेत हत्यारं दुरुस्त करायचा, आता परवाना काढून लेकीच्या क्लबासाठी काडतुसं भरायचा. काडतुसांच्या रिकाम्या, कोऱ्या पितळी पुंगळ्या त्याने सकाळभर एकेक करून तपासल्या, शाईची खूण करून ताटात मांडल्या आणि तो क्लबाकडे गेला.

मागे मंगलाबाई आत-बाहेर करत राहिल्या. भात झाला, अंगण झाडून झालं, लेकीची बॅग उपसून पुन्हा भरून झाली. बापलेकीच्या बंदुकीच्या गोष्टींत त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं. शेवटी त्यांनी ताटच उचललं आणि नवं भांडं वापरायच्या आधी घासावं तशा साऱ्या पुंगळ्या चिंचेने लख्ख घासल्या.

संघपाल परतला आणि ताट बघून मटकन बसला.

"काय करून ठेवलं व तू? माह्या खुणा कुठी गेल्या?"

"मले वाटलं, डाग हायेत."

"एकीच्या गळ्याले चीर होती! वापस करायची म्हणून ठेवली होती. तेच भरली अन् पोरीच्या तोंडासमोर फुटली, तर?"

मंगलाबाई ताटाकडे धावल्या. आतून मेघाही धावली. तिघांनी उजेडात धरून पुंगळी न् पुंगळी पाहिली. चीर काही सापडेना. आपली नजरच गेली की काय, असं संघपालला वाटू लागलं.

"बाबा, तिच्यावर खूण कायची होती?" मेघाने विचारलं.

"लाल. बाकीच्यांवर काळी."

मंगलाबाई उठून दोघांना आत घेऊन गेल्या. आतल्या फळीवर बुद्धाच्या मूर्तीपुढे एक पुंगळी उभी होती, तिच्यात मोगऱ्याचं फूल.

"एकटीवरच लाल टिकली होती," त्या रडवेल्या झाल्या. "मले वाटलं, हेच तुमच्या पसंतीची. पोरीसाठी ठेवली."

त्यांनी फूल काढायला हात पुढे केला.

"राहू दे आई," मेघा म्हणाली. "तिथं बरी हाये ते."

संघपालने चिरेवरून नख फिरवलं आणि पुंगळी स्वतःच मूर्तीपुढे परत ठेवली. मग बाहेर येऊन ताट बायकोपुढे सरकवलं.

"चिंच राहिली असन आत. साध्या पाण्यानं धू अन् चांगल्या वाळव. रात्री भरतो, पोर उद्या ह्याच नेईन."

मंगलाबाईंनी डोळे पुसले आणि ताट दोन्ही हातांनी उचललं.