वाडग्याची देखणी बाजू

बांबूच्या बारीक रवीची वाडग्यातली सळसळ म्हणजे माझ्यासाठी दाऊदभाई. आखातातल्या जुबैलच्या कामगार कॅम्पवरची, जुम्याच्या नमाजानंतरची निवांत दुपार. खिडकीच्या काचेवर धुळीने गढूळलेला पिवळा उजेड. आणि त्या उजेडात चटईवर गुडघे मोडून बसलेला, रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा हा पाइपिंगचा फोरमन हिरव्या चहाला हळूहळू फेस आणत असे.

प्लांटवरच्या एका जपानी इंजिनीअरने आम्हा सुपरवायझर मंडळींची डोकी थंड राहावीत म्हणून हा चहाविधी शिकवला होता. बाकीच्यांनी दोन दिवस थट्टा केली आणि सोडून दिले. ज्यांच्या रागाला सारी शिफ्ट टरकून असे, ते दाऊदभाई मात्र त्यात रमले. जपानी माणूस मायदेशी परतताना वाडगा आणि रवी त्यांनाच देऊन गेला. तेव्हापासून दर शुक्रवारी मी त्यांचा एकुलता पाहुणा. नियम दोनच: वाडग्याची देखणी बाजू पाहुण्याकडे फिरवायची आणि फोन दाराबाहेर चपलांजवळ ठेवायचा. "ही घटका परत यायची नाय," ते म्हणत, आणि ओरडून ओरडून खरखरीत झालेल्या त्या गळ्यातून एवढा मऊ स्वर निघालेला ऐकून मला दर वेळी नवल वाटे.

त्या शुक्रवारी रवी फिरत असताना बाहेर त्यांचा फोन थरथरला. थांबला, पुन्हा थरथरला, मग तिसऱ्यांदा. यंत्रांच्या गोंगाटात वर्षे काढून त्यांचे कान अधू झाले होते. मला मात्र स्पष्ट ऐकू आले. सुट्टीतही कामावर बोलावणारे ऑफिसच असणार, असे समजून मी गप्प राहिलो. त्यांच्या चेहऱ्यावरची शांतता मला मोडवेना. खरे तर ती मलाच हवी होती.

फोन गावाकडून, त्यांच्या बायकोचा, जुबेदाभाभींचा होता. छातीत कळ आली म्हणून शेजारी त्यांना गाडीतून रत्नागिरीला नेत होते, आणि वाटेत त्या स्वतः नवऱ्याचा नंबर लावत होत्या. दाऊदभाईंनी उलट फोन केला तेव्हा तो शेजाऱ्याने उचलला. दफन त्याच संध्याकाळी झाले. इथून पोहोचणे शक्यच नव्हते.

काही दिवसांनी त्यांनी मला एकदाच विचारले, "तुला फोन आयकू आला होता काय रे?"

मी नाही म्हणालो.

अजूनही शुक्रवारी ते मला बोलावतात. फोन आता चटईवर, वाडग्याशेजारी असतो, आणि त्या वेळी तो कधीच वाजत नाही. फेस येतो, आणि ते वाडगा वळवून त्याची देखणी बाजू माझ्याकडे करतात. मी तो दोन्ही हातांनी घेतो. गेलेली घटका परत येत नाही, असे ते म्हणत. माझी तर जातच नाही. दर शुक्रवारी ती दाराबाहेर चपलांजवळ थरथरत असते, आणि मी आत गप्प बसलेला असतो.