मुंगीचं अर्धं वाक्य

मी एक जुना राउटर आहे. मित्रांनो, राउटर म्हणजे घरोघरी नेट वाटणारी ती पांढरी पेटी. डोक्यावर दोन काड्या, पुढे चार दिवे. सगळं नीट चालू असलं की माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, आणि जरा काही अडलं की पहिली थाप माझ्याच पाठीत बसते. माझा पांढरा रंग आता पिवळट पडलाय. एक काडी मोडली, ती चिकटपट्टीने बांधली आहे. आणि स्वभावाने मी पहिल्यापासून काळजीखोर.

कारखान्यात आम्ही हजारो भावंडं पट्ट्यावरून एकापाठोपाठ सरकत होतो. शेवटी बसलेल्या बाईंनी मला वीज दिली, चारही दिवे पाहिले आणि 'पास' असा शिक्का मारला. आनंद व्हायचा सोडून मला धडकीच भरली. नापास झालेल्यांचं काय होत असेल, हाच विचार खोक्यात बसेपर्यंत करत होतो.

या घरात आलो तेव्हा मुंगी रांगत होती. मुंगी म्हणजे घरातली एकुलती एक मुलगी. दिसेल ती वस्तू उचलून कुठेतरी नेऊन ठेवायची, म्हणून हे नाव पडलं. ते कौतुकाचे दिवस होते. "काय सुसाट आहे हो!" असं मुंगीची आई आल्यागेल्याला सांगायची. बाबा सुट्टीवर आले की मऊ फडक्याने माझी धूळ पुसायचे. बाबा बोटीवर इंजिनाचं काम करतात, त्यामुळे निम्मं वर्ष ते घरी नसतात.

मुंगी मोठी झाली तशी एक अडचण उभी राहिली. व्हिडिओ कॉलवर ती बोलेचना. "शाळा कशी चाललीये?" "बरी." "जेवलीस?" "हो." संपलं. मग बाबांनीच युक्ती काढली. त्यांनी घरी गेम खेळायचं यंत्र आणलं आणि बोटीवर आपला लॅपटॉप घेतला. बोट बंदरात उभी असली की दर शनिवारी पाच वाजता दोघं मिळून पडद्यावर एक गाव बांधायचे. कानाला हेडफोन, हात कामात, डोळे पडद्यावर, आणि मुंगीचं तोंड आपोआप सुटायचं. "बाबा, ती वीट इकडे दे. नको, नको, तिरकी लागली! आणि ऐक ना, आज काय झालं…" मी टेबलाशेजारच्या फळीवर बसून हे सगळं ऐकायचो. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत असं सुखाचं काम दुसरं नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी माझी दशा फिरली.

अचानक सगळं अडखळायला लागलं. मुंगीचा खेळातला माणूस चालता चालता थिजायचा. बाबांचा आवाज तुटक यायचा. आईने मला बंद करून चालू केलं की दोन मिनिटं बरं चालायचं, पुन्हा तेच. मला कळत होतं, घरातून कोणीतरी घटाघटा नेट ओढतंय. आमची लाइन मुळात बारीक, त्यात हा ओढणारा थांबायचं नावच घेत नव्हता. पण मला बोलता कुठे येतं? माझ्याकडे भाषा एकच, दिव्यांची. कोणी काही मागितलं की माझा शेवटचा हिरवा दिवा लुकलुकतो, कोणीच काही मागत नसलं की तो स्थिर राहतो. तो तर दिवसभर फडफडत होता. मी जीव तोडून सांगत होतो आणि घरात कोणाचं लक्षच नव्हतं.

मग उपाय सुरू झाले. वरच्या खोलीत बाबांची थोरली बहीण, म्हणजे मुंगीची आत्या राहते. ती तरातरा खाली आली. "हाच मेला म्हातारा झालाय," असं म्हणून तिने मला खिडकीत ठेवलं. आईने तिथून उचलून कपाटावर ठेवलं. एकदा तर तिघींनी स्पीड मोजायचा ठरवला, आणि तोही एकाच वेळी! आई स्वयंपाकघरातून, आत्या जिन्यावरून, मुंगी टेबलाशी. आता स्पीड मोजायचा म्हणजे प्रत्येकीला सगळी लाइन एकटीला हवी.

"माझ्याकडे दोन!" आई ओरडली.

"माझ्याकडे तर दीडच आहे. थांब, परत मोजते," आत्या म्हणाली.

"मग मी पण परत!"

अहो, मोजूनच मला अर्धमेलं केलं. शेवटी केबलवाला आला. त्याने मला उलटं केलं, पाठीवर छापलेलं वर्ष वाचलं आणि हसला. "हा अजून चालतोय हेच खूप आहे. सोमवारी नवा आणतो, हा भंगारात टाका."

पण खरं सांगू? भंगारापेक्षाही मला एक वेगळीच गोष्ट खात होती. मागच्या शनिवारी दोघं गावातल्या नदीवर पूल बांधत होते. मुंगी वीट लावता लावता हळूच म्हणाली, "बाबा, मधल्या सुट्टीत माझ्या…" आणि तेवढ्यात सगळं थिजलं. पुढचं वाक्य माझ्या हातून सांडलं. जोडणी परत आली तेव्हा बाबा विचारत होते, "काय म्हणत होतीस, बाळा? मधल्या सुट्टीत काय?" मुंगीने पडद्यावरून नजर हलवली नाही. "काही नाही," ती म्हणाली.

बाबांनी आठवडाभर आईच्या फोनवरून विचारलं. उत्तर तेच, काही नाही. ते वाक्य पुन्हा निघालं तर शनिवारीच निघणार होतं, खेळताना. आणि या शनिवारी सात वाजता बोट बंदरातून सुटणार होती. मग चार महिने खोल समुद्र, ना खेळ, ना आवाज. माझा सोमवार भंगाराचा होता, पण मुंगीजवळ शनिवारचे दोनच तास होते. आठवडाभर माझं अंग नुसतं तापत होतं.

शनिवार उजाडला. दुपारी आत्या सिनेमा पाहून झाल्यावर टीव्ही बंद करून मैत्रिणीकडे गेली. पाच वाजले. गाव दिसलं, नदी दिसली, अर्धा पूल दिसला. बाबा म्हणाले, "मुंगे, आज पूल पुरा क—" आणि थिजलं. मुंगीने मला बंद करून चालू केलं. दोन मिनिटं चाललं, पुन्हा थिजलं. सव्वापाच झाले, साडेपाच झाले. ती माझ्यासमोर स्टूल ओढून बसली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "तुला झालंय तरी काय रे?"

कित्येक दिवसांत मला हे कोणीच विचारलं नव्हतं!

मग तिने गेमचं यंत्र बंद केलं. आईचा फोन, टॅब, स्वतःचं नेटवर चालणारं घड्याळ, एकेक करून सगळं बंद केलं आणि प्रत्येक वेळी येऊन माझ्याकडे पाहिलं. घरात चालू असं काही उरलं नाही. तरी माझा हिरवा दिवा फडफडतच होता. बघ गं, बघ, मी मनात म्हणत होतो, माझं ऐक!

"आई," मुंगी म्हणाली, "सगळं बंद आहे, तरी हा कोणाशी बोलतोय?"

दोघी जिना चढून आत्याच्या खोलीत गेल्या. पुढचं मी आईच्या तोंडून ऐकलं. टीव्ही काळा, बंद. पण त्याच्या मागे एक काळी डबी चिकटवलेली होती. नेटवरचे सिनेमे दाखवणारी ती डबी बाबांनीच दोन महिन्यांपूर्वी आपल्या बहिणीला भेट दिली होती. मुंगीने हात लावला तर ती कढत! आत्या रिमोटने फक्त पडदा बंद करायची. डबी मागे अंधारात एकामागून एक सिनेमा चालवतच राहायची, रात्रंदिवस, कोणीही बघत नसताना. मुंगीने तिचा प्लग उपटला.

इकडे माझा हिरवा दिवा स्थिर झाला. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी श्वास घेतला.

पावणेसहा वाजता मुंगीने गेमचं यंत्र पुन्हा चालू केलं आणि बाबांचा आवाज आला, अगदी शेजारच्या खोलीतून यावा तसा. विटा भराभर लागल्या. मुंगी नुसत्या विटा मागत होती. सव्वासहा झाले. साडेसहा झाले. पुलाची शेवटची वीट तिने हातात धरली. मी सगळी ताकद गोळा करून बसलो होतो. बोल गं बाई, आज एक अक्षर सांडू देणार नाही.

"बाबा, मधल्या सुट्टीत माझ्या शेजारी कोणी बसत नाही."

पोचलं. पूर्ण पोचलं.

पडद्यावरचा बाबांचा माणूस जागच्या जागी थांबला. मला वाटलं, गेलं पुन्हा! पण दिवे ठीक होते. बाबांनीच हात थांबवला होता.

"कधीपासून गं?"

"नव्या वर्गात गेल्यापासून."

"आईला सांगितलंस?"

"नाही. तू सांग."

पण सांगायची गरजच उरली नाही. आई मागे दारात उभी होती. ती आली, मुंगीच्या शेजारी स्टूल ओढून बसली आणि तिचा हात धरून म्हणाली, "सोमवारी मी येते शाळेत. तुझ्या बाईंशी बोलते." मुंगीने दुसऱ्या हाताने शेवटची वीट लावली.

आत्या घरी आली तेव्हा तिला सगळं समजलं. "अगंबाई, मी तर बंद केला होता!" असं म्हणून ती कितीतरी वेळ गालावर हात ठेवून बसली. मग तिनेच ओल्या फडक्याने मला पुसायला घेतलं. आईने ओरडून ते कोरडं घ्यायला लावलं, म्हणून वाचलो.

मित्रांनो, सोमवारी केबलवाला आला आणि नवं खोकं तसंच परत घेऊन गेला. पण मी कायमचा नाही, हे मला ठाऊक आहे. कधीतरी ते खोकं राहील आणि मी जाईन. माझं एवढंच मागणं आहे. घरात काही अडखळलं, मग ती वस्तू असो की माणूस, तर थाप मारण्याआधी समोर बसा आणि विचारा, तुला झालंय तरी काय? आणि उत्तर अर्धंच आलं, तर ते पुरं होईपर्यंत उठू नका.